न रडणारं घर

कृष्णवेणीबाईंना ते हसू आधी ऐकू आलं आणि आवडलं. म्हैसूरच्या देवराज मार्केटच्या तोंडाशी उभ्या राहून त्या विड्याच्या पानांची जुडी पिशवीत नीट बसवत होत्या, तेवढ्यात मागे कुणी बाई हसली. मोकळं, जरासं घोगरं हसू, शेवटी श्वास अडकून पुन्हा सुटणारं. कुणाची पोर बाई ही, चांगली हसते, असं त्यांच्या मनात आलं, आणि कौतुकानं वळून बघतात तर बसथांब्यावर तुंगा. त्यांची सून. बेळगोळच्या कारखान्याच्या बसमधून नुकतीच उतरलेली, डब्याची पिशवी खांद्याला, आणि शेजारी तिच्या ऑफिसातला तो उंच, वाकून बोलणारा वेंकटेश. मागे एकदा पावसात तुंगा छत्री ऑफिसात विसरली तेव्हा हाच घरी आणून देऊन गेला होता. त्यांनीच त्याला कॉफी दिली होती. कृष्णवेणीबाई चटकन केळ्यांच्या घडांमागे सरकल्या. चोरी सुनेची होती म्हणावं, तर लपल्या या. केळेवाल्यानं कानडीत विचारलं, काय पाहिजे अम्मा, तर त्यांनी नको असलेली अर्धा डझन केळी घेतली आणि मान खाली घालून लक्ष्मीपुरमची वाट धरली.

राग यायला हवा होता. वाटेत त्यांनी तो शोधून पाहिला. पर्समध्ये किल्ली चाचपतो तसा इकडे चाचपला, तिकडे चाचपला, पण हाताला लागेना. लागलं ते भलतंच. बारा वर्षं एका स्वयंपाकघरात वावरलेली मुलगी. तिची शिंक, तिचा खोकला, तिनं भांडं खाली ठेवलं तर ते रागानं ठेवलं की दमून, हे सगळं त्यांना पाठ होतं. आंघोळीहून येताना तिचं कोणतं पाऊल जड पडतं ते त्या डोळे मिटून सांगतील. आणि तिचं हसू त्यांना ओळखू आलं नाही. परक्या बाईचं म्हणून आवडलं. ओळखू येणार तरी कुठून, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. त्यांच्या घरात कुणी हसतच नव्हतं. हसायची बंदी अशी कुणी घातली नव्हती. बंदी होती ती रडण्याची, आणि ती त्यांनीच घातली होती. एक दार लावलं की दुसरं आपसूक लागतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं. चालता चालता त्यांना वाटलं, आपले पाय आपले नाहीत. कुणी दुसरंच आपल्याला घरी पोचवतंय. पण ही भावनाही नवी नव्हती. बारा वर्षं त्या अशाच पोचत आल्या होत्या, बाजारातून घरी, सकाळकडून संध्याकाळकडे, एका सणातून दुसऱ्या सणात.

पदु म्हणजे पद्मनाभ, त्यांचा एकुलता एक. विमानदलात वैमानिक. एकाहत्तर सालच्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीपलीकडे गेला आणि त्याचं विमान परतलं नाही. लग्नाला पाच महिने झाले होते. तार आली तेव्हा कृष्णवेणीबाई रसमपुडीसाठी मिरच्या भाजत होत्या. घरभर खाट उठला होता, सगळ्यांचे डोळे आधीच चुरचुरत होते. तिरुमलरावांनी, त्यांच्या यजमानांनी, तार दोनदा वाचली. हायस्कुलात आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, उत्तर एकदा वाचून त्याला कधी पटलं नव्हतं. तारेत बेपत्ता असं लिहिलं होतं. तुंगेनं भिंत धरली, तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि कृष्णवेणीबाई उलथणं हातात घेऊनच म्हणाल्या, "रडायचं नाही. बेपत्ता म्हणजे बेपत्ता, अष्टे, एवढंच. जिवंत माणसासाठी रडणं अभद्र. या घरात कुणी रडायचं नाही." त्यांच्या आईनं, आजीनं हेच सांगितलं होतं: गावाला गेलेल्यासाठी, आजाऱ्यासाठी डोळ्यातून पाणी काढू नये, त्याचं आयुष्य त्या पाण्याबरोबर वाहून जातं. तेव्हा त्यांना स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. नवरा, सून दोघंही कोसळायच्या बेतात, आणि एकटी मी घर सावरून धरलंय. मिरच्या मात्र करपल्या, त्या टाकून दुसऱ्या भाजाव्या लागल्या. त्या त्यांनी लगेच भाजल्या.

दोन महिन्यांनी मालोजी आला. पदुच्याच तळावरचा, आणि योगायोगानं म्हैसूरचाच. पिढ्यान् पिढ्या इथल्या फौजेत गेलेल्या मराठा घरातला मुलगा. पदुची ट्रंक घेऊन आला होता. खुर्चीच्या टोकावर बसून, टोपी गुडघ्यावर फिरवत त्यानं सांगितलं: माझं विमान मागे होतं, त्याच्या विमानातून धूर निघाला, ते खाली खाली गेलं, हवाई छत्री उघडलेली मी पाहिली नाही. कृष्णवेणीबाईंनी त्याला तिथंच पकडलं. म्हणाल्या, म्हणजे उघडली नाही असंही तू पाहिलं नाहीस. मालोजीनं तिरुमलरावांकडे पाहिलं, मग टोपीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "होय अम्मा. तसंही म्हणता येतं." एवढ्यावर त्या बारा वर्षं जगल्या. तिरुमलराव त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले ते दिवेलागणीलाच आत आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि शिकवणीची मुलं आली होती त्यांना त्रैराशिक शिकवायला बसले. बापाचं काळीज दगडाचं असतं, असं तेव्हा कृष्णवेणीबाईंना वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. दगडाला टेकून बसता येतं.

पुढच्या वर्षी पलीकडून आपले युद्धकैदी सुटून आले. रोज पेपरातले फोटो त्या चष्मा लावून बघायच्या. पदु त्यात नव्हता. म्हणजे अजून सुटायचा आहे. दुसऱ्या एका वर्षी कुणी सांगितलं, तिकडच्या तुरुंगात अजून काही जण आहेत, कुणी कानडी बोलणारा आहे म्हणे. त्या दिवशी त्यांनी चामुंडीला जाऊन नारळ फोडला. दरवर्षी पदुच्या जन्मनक्षत्राला हयग्रीव करायचा, हरभऱ्याची डाळ, गूळ, भरपूर खोबरं. देवाला दाखवायचा आणि तिघांनी वाटून खायचा. तिरुमलराव तो दोन घासात संपवून उठायचे. त्यांना गोड सोसत नाही अलीकडे, असं त्या म्हणायच्या. गौरीच्या सणाला तुंगेला पुढं बसवून तिच्याकरवी सवाष्णींना सुपातलं वाण द्यायला लावायच्या. पहिली काही वर्षं बायकांनी ते घेतलं. मग एकेकीच्या घरात अडचणी निघू लागल्या: कुणाचं सोयर, कुणाची सून बाळंतीण, कुणी नेमकी बेंगळुरूला. वाण घ्यायचं तर ते सवाष्णीच्या हातचं, आणि ही सवाष्ण आहे की नाही, तोंडावर कोण विचारणार. कृष्णवेणीबाई मूग गिळून बसल्या नाहीत. घरोघर जाऊन त्यांनी बोलावणी केली. तुंगा सूप हातात धरून बसायची, ठसठशीत कुंकू, हिरव्या बांगड्या, आणि दाराकडे बघायची नाही. एकवीस वर्षांची होती ती तेव्हा. आता तेहतीस. या सगळ्यात तिनं एकदाही तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. गुणाची पोर, असं कृष्णवेणीबाई सगळ्यांना सांगायच्या, आणि सांगताना आत काही हललं नाही तरी तोंडावर कौतुक आणायची त्यांना सवय झाली होती.

दिवाळीत नरसिंहमूर्ती आचार्य आले होते. घराण्याचे उपाध्याय, लहानपणी पदुची मुंज यांनीच लावलेली. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विषय काढला. बारा वर्षं वार्ता नाही तर शास्त्रानं त्याला गेला असं धरायचं. पळसाच्या पानांचा देह करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग पुढचं सगळं. नाहीतर तो जीव ना इकडे ना तिकडे लटकत राहतो. मुलगा नाही, धाकटा भाऊ नाही, तेव्हा बापानंच करायचं. नरसीपूरला संगमावर केलेलं बरं. तिरुमलरावांनी बायकोकडे पाहिलं. कृष्णवेणीबाई दूध उतू जाईल म्हणून उठून गेल्या. दूध अजून शेगडीवर ठेवलेलंच नव्हतं. आचार्यांचं म्हणणं तसंच लोंबकळत राहिलं, माघ आला तरी. कुणी पुन्हा विषय काढला नाही. त्या घरात विषय काढायचे नसतात हे भिंतींनाही माहीत होतं.

आता मात्र ते हसू त्यांच्या मागे लागलं. देवाची भांडी घासताना, दळण निवडताना मधेच ऐकू यायचं. त्यांनी ते पदुशी जोडून पाहिलं. पदु हिला हसवायचा का? पाच महिन्यांत तो दोनदा रजेवर आला होता; माडीवरच्या खोलीतून हसण्याचा आवाज कधी आला होता का? आठवेना. मग त्यांनी पदुचा आवाज आठवून पाहिला, आणि तोही येईना. चेहरा आला तो भिंतीवरच्या फोटोतला, एकाच कोनातला. "अम्मा" अशी त्याची हाक कशी होती? शेवटचा स्वर तो ओढायचा की तोडायचा? त्या न्हाणीघरात उभ्या राहून तांब्या तसाच हातात धरून ऐकत राहिल्या, आणि आत नुसतं रिकामं शांत होतं, शाळा सुटल्यावरच्या वर्गासारखं. आपण ज्याची वाट बघतोय तो कोण, हे आपण कधी विसरलो, असा प्रश्न त्यांना पडला. त्याची भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. त्यांनी पाणी अंगावर ओतून घेतलं.

रविवारी सकाळी सासू-सून अवरेकाई घेऊन बसल्या. रात्रभर भिजवलेले ते वालाचे दाणे, अंगठा आणि बोट यांत धरून चिमटले की साल हातात राहतं आणि आतली डाळ टुणकन परातीत पडते. या कामात डोळे वर करावे लागत नाहीत, म्हणून बोलायला बरं. बऱ्याच वेळानं कृष्णवेणीबाई म्हणाल्या, त्या दिवशी तुला बसथांब्यावर पाहिलं. तुंगेची बोटं थांबली नाहीत. सालं चिमटत ती म्हणाली, वेंकटेश आमच्या मॅनेजरची नक्कल करत होते.

"माणूस बरा आहे का?"

"अत्ते, सुम्ने कशास ते."

"उगीच नाही विचारत. त्यानं काही विचारलंय का तुला?"

तुंगेनं ओंजळभर सालं बाजूला केली. मग सरळ, वाचून दाखवावं तशी म्हणाली, "विचारलं. दोन वर्षं झाली. मी कुणाची कोण, तेच मला माहीत नाही, असं सांगितलं त्यांना. माहीत झालं की सांगा म्हणाले."

परातीत डाळ पडत राहिली. कृष्णवेणीबाईंना सगळं स्वच्छ दिसत होतं, एखाद्या दुसऱ्याच्या घरातलं दिसावं तसं. त्यांनी हो म्हटलं तर मुलगा जातो. नाही म्हटलं तर ही पोर अशीच दाराकडे न बघता म्हातारी होते. मधला रस्ता नव्हता; बारा वर्षं त्या ज्याच्यावर उभ्या होत्या तो मधला रस्ताच होता, आणि तो या मुलीच्या पाठीवरून गेलेला होता. त्या उठल्या, पदराला हात पुसले, पुढच्या खोलीत तिरुमलराव पेपर वाचत होते तिथं जाऊन म्हणाल्या, "आचार्यांना बोलवा. करून टाकू." तिरुमलरावांनी पेपर खाली केला नाही. त्याच्यामागून त्यांचा आवाज आला, बरं.

नरसीपूरला जायला त्यांनी मोटार ठरवली. तिरुमलरावांच्या विधवा बहीण, गोदावरीबाई, मुद्दाम नंजनगूडहून आल्या होत्या. त्या कशाला आल्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याचं झालं की बायकोचं कुंकू पुसायचं, बांगड्या वाढवायच्या. ते काम विधवेनंच करायचं. मोटारीत कृष्णवेणीबाईंनी तुंगेच्या कानाशी सांगितलं, त्यांना मी थांबवीन, हल्ली कोण करतं ते. तुंगा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते माझं मी बघीन, अत्ते." बाहेर उसाची शेतं मागे पळत होती. कृष्णवेणीबाईंना भूक लागली होती. मुलाला अग्नी द्यायला निघालेल्या बाईला भूक लागते, याची त्यांनी नोंद घेतली आणि सोडून दिली.

संगमावर पाणी कमी होतं. वाळूवर आचार्यांनी दर्भ अंथरले आणि पानं मांडायला घेतली. पळसाची वाळलेली पानं, ज्यांच्या पत्रावळीवर त्या जन्मभर जेवल्या होत्या तीच. इतकी पायांना, इतकी छातीला, इतकी हातांना. डोक्याच्या जागी नारळ. मांडता मांडता आचार्यांनी विचारलं, उंची केवढी होती? तिरुमलरावांनी आपल्या कानाशी हात धरला. गोदावरीबाई म्हणाल्या, छे, तुझ्याहून उंच होता तो, लग्नात बाशिंग बांधायला मला पाट घ्यावा लागला होता. सगळ्यांनी कृष्णवेणीबाईंकडे पाहिलं. आईला ठाऊक असणार. त्या त्या आकाराकडे बघत राहिल्या. पानं कुठेही थांबवली असती तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं. शेवटी तुंगा पुढे झाली, पानांच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागायचं. आचार्यांनी तिच्याकडे नीट पाहून आणखी पानं लावली. मग मधाचं बोट फिरवलं, पांढरं धोतर पांघरलं, आणि आता ते कुणीतरी झोपल्यासारखं दिसायला लागलं. कृष्णवेणीबाईंनी वाट पाहिली. आता काहीतरी होईल. आता आत काही फुटेल, तुटेल. समोर नदी वाहत होती, एक बगळा एका पायावर उभा होता, आणि आत काहीच होत नव्हतं.

तिरुमलरावांनी अग्नी दिला. वाळलेली पानंच ती. भर्रकन पेटली, वर गेली, आणि बघता बघता राखेचे काळे तुकडे वाऱ्यावर तरंगायला लागले. एवढ्यात झालं, असं कृष्णवेणीबाई पुटपुटल्या. त्याला जन्म द्यायला त्यांना दोन रात्री आणि एक दिवस लागला होता. नारळ तेवढा जळत राहिला, मग तोही तडकला.

गोदावरीबाई तुंगेकडे निघाल्या. कृष्णवेणीबाई आडव्या आल्या, पण त्याच्या आधीच तुंगा पाण्याच्या काठाशी जाऊन खाली बसली होती. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, कपाळावर मारलं, हातानंच चोळलं. लाल ओघळ नाकावरून उतरला. मग तिनं बांगड्या काढल्या, फोडल्या नाहीत, एकेक काढून वाळूत ठेवल्या. कृष्णवेणीबाई तिच्याजवळ पोचल्या आणि म्हणाल्या, कशाला ग, मी सांगितलं होतं ना, राहू दे ते. तुंगेनं वर पाहिलं. कुंकवावाचून तो चेहरा कुणा लहान मुलीचा वाटत होता.

"मला होऊ द्या, अत्ते. एकदा तरी त्यांची विधवा होऊ द्या. मग पुढचं बघू."

आणि ती रडायला लागली. हळू नाही, तोंडात पदर घेऊन नाही. पोटातून, भेसूर, नाकातोंडातून पाणी वाहत, मधेच गुदमरत, त्याचं नाव घेत. पलीकडच्या काठावरचे कपडे धुणारे लोक उभे राहून बघायला लागले. कृष्णवेणीबाईंचा हात आपोआप पुढं गेला आणि तिच्या तोंडावर बसला. त्यांनी तो पाठवला नव्हता. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो आपणच गेला. तळव्याखाली तिचे ओठ, दात, गरम श्वास त्यांना लागले. तुंगेनं तो हात दोन्ही हातांनी धरला आणि ओढून बाजूला केला. जोरानं केला. मग तशीच वाळूवर ओणवी होऊन रडत राहिली. गोदावरीबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मोकळी हो, मोकळी हो, असं त्या म्हणत होत्या. हे वाक्य आपल्याला कधी सुचलं नव्हतं, असं कृष्णवेणीबाईंना वाटलं.

त्या ओल्या हातासकट उठल्या. तिरुमलराव नदीत बुडी मारून आले होते आणि काठावर उभे राहून धोतराचा सोगा पिळत होते. थंडीनं त्यांचे खांदे कुडकुडत होते. इतके हडकले कधी हे? कृष्णवेणीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आपण काही बातमी घेऊन आलो आहोत, ती यांना सांगायलाच हवी, दुसरं कोण सांगणार, असं त्यांना वाटत होतं. बोलायच्या आधी त्यांनी नवऱ्याचा दंड धरला, ते पडू नयेत म्हणून.

"अहो, पदु गेला."

तिरुमलरावांनी सोगा सोडून दिला. मग त्यांनी आपल्या दंडावरचा बायकोचा हात आपल्या हातात घेतला.

"होय, वेणी," ते म्हणाले. "आम्हाला त्याच वर्षी कळलं होतं. मला, तुंगेला. मालोजीनं विमान जमिनीवर आदळताना पाहिलं होतं, फाटकाशी सांगितलं त्यानं. तुलाच तेवढं सांगायचं राहिलं होतं."

मागे तुंगा रडतच होती. कृष्णवेणीबाई तिच्याकडे वळल्या. एकविसाव्या वर्षी या मुलीला सगळं ठाऊक होतं; आणि ती कुंकू लावून, हातात सूप धरून, त्यांच्याशेजारी बसत राहिली होती. त्या वाळूत तिच्याजवळ जाऊन बसल्या आणि आपला हात आपल्याच मांडीवर दाबून धरला, पुन्हा कुणाच्या तोंडावर जाऊ नये म्हणून.